धुतलेला फिल्टर

माझ्या दुकानावर पत्र्याची पाटी आहे. 'पंखा, कूलर, मोटार. सर्व दुरुस्त होईल. फेकू नका.' अक्षर माझंच, म्हणून ओळ उजवीकडं खाली उतरलीय. श्रीरामपुरात चाळीस वर्षं ही पाटी बघून लोक येतात. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. पण या अंकाच्या मंडळींनी 'नाना, धंद्याचं काहीतरी लिहा' अशी गळ घातली, आणि तेवढ्यात एकजण माझ्या देखत म्हणाला की ते कसलं लिहितायत. मग लिहिणं भाग पडलं.

कुठं शिकलो, कुणाकडं राबलो, ते सांगत बसत नाही. फक्त हवेचं सांगतो. पहिली तीस वर्षं लोकांना हवा हलवून पाहिजे होती. पंखा फिरला, कूलर गार झाला की गिऱ्हाईक खूश. आता त्यांना ती गाळून पाहिजे. हंगाम सुरू झाला की आमच्याकडं उसाचं पाचट पेटतं, कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. त्यात कुणाचा बंब, कुणाची चूल, कुणाची भट्टी. थंडीच्या दिवसांत धूर वर जातच नाही, घराघरांत शिरून बसतो. मग लोक दुकानात येऊन विचारतात, "नाना, ते धूर खाणारं मशीन कोणतं घेऊ?"

मशीन समजायला अवघड नाही. आत एक पंखा असतो, तो खोलीतली हवा ओढतो. पंख्यापुढं तीन थर. पहिली जाळी केस आणि धुरळा अडवते. दुसरा थर म्हणजे घड्या घातलेला जाड कागद, तो धुरातले बारीक कण धरतो. फिल्टर म्हणतात तो हाच, खरं काम त्याचं. तिसऱ्यात कोळशाचे दाणे असतात, ते वास ओढतात. बाकी जे काही असतं, रंगीत दिवे, मोबाईलवरून चालू करणं, ते दुकानदाराच्या कामाचं.

मी उत्तर देत नाही, उलट तीन प्रश्न विचारतो. धूर येतो कुठून? खोली केवढी? आणि दुसरा थर भरला की नवा कुठून आणणार? या तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडं नाहीत त्यानं मशीन घेऊ नये. असं बोलल्यामुळं माझी बरीच गिऱ्हाइकं गेली. जाऊ द्या.

कोल्हारकडचे एक बागाईतदार चिडून आले होते. सगळ्यांत मोठं मशीन घेतलं आणि आठ दिवसांत आतला कागद काळाठिक्कर. घरी जाऊन बघितलं, तर मशीन स्वयंपाकघरात चुलीशेजारी, जावई जेवायला बसवल्यासारखं. मी म्हणालो, मशीन उचला, आधी चुलीला धुराडं करा, नाहीतर चूल पडवीत न्या. धूर जिथं होतो तिथंच बाहेर काढायचा असतो. मशीन उरलासुरला गाळतं, आणि जळणाचा विषारी गॅस तर ते मुळीच गाळत नाही. घरात मशीन आहे म्हणून शेगडी पेटवून दारं लावून बसाल तर जीव जाईल, हे मी प्रत्येकाला सांगतो. ते म्हणाले, "मशीनवाल्याला बोलिवलं, तर चूल हलवायला सांगतोय." पण चूल हलली. त्यांच्या मंडळींनी मला नंतर पोतंभर कांदे पाठवले. त्यांनी स्वतः मात्र अजून माझ्याशी बोलणं धरलेलं नाही.

नेवासा रस्त्याला एका घरी लग्नात आलेलं मशीन दिवाणखान्यात उभं होतं, वर सूनबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण. दोन वर्षं चालू. आता आवाज करतं म्हणून मला बोलावलेलं. झाकण काढलं, पाठ उघडली, तर आतला फिल्टर कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेला, जसा आला तसा. दोन वर्षं मशीन नाक दाबून बसलं होतं. मी पिशवी दाखवली तर घरचे आजोबा म्हणाले, "पन आमाला तर लई फरक पडला हुता."

असल्या गोष्टी सांगून मी चारचौघांत पुष्कळ हसवलं आहे. स्वतःची गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती आता सांगतो.

साळवे बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. यजमान गेले, मुलगी सुजाता नाशिकला नोकरीत. बाई दोन खोल्यांच्या घरात एकट्या. ते घर त्यांनी आपल्या पगारावर, एकेक भिंत करत बांधलेलं. एका भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. घराच्या पाठीमागं पोपटशेठची शेवचिवड्याची भट्टी. भट्टीला जळण म्हणजे वखारीतला भुसा आणि ढलप्या, आणि तिचं धुराडं बाईंच्या मागच्या खिडकीच्या बरोबरीनं संपायचं.

बाईंना दमा होता. त्या वर्षी दोनदा दवाखाना झाला. सुजातानं निर्वाणीचं सांगितलं होतं, "आई, आता आणखी एकदा दवाखाना झाला तर घराला कुलूप लावायचं आणि नाशिकला यायचं." बाईंनी ते कबूल केलं होतं. शब्द दिला की तो पाळणाऱ्या बाई, म्हणून तर त्यांना भीती. दुकानात येऊन स्टुलावर टेकल्या, श्वास जमवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला माझ्या घरात राहायचंय. मशीन निवडून द्या."

मी त्यांच्याबरोबर गावातल्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता मोबाईल काढून दिव्यांचे रंग दाखवायला लागला. मी म्हणालो, झाकण काढा.

"काका, झाकण काढायचं नसतं."

"मग इकत घेतल्यावर बी काढायचं न्हाई का?"

झाकण निघालं. एका मशीनला जाड कागदाचा थरच नव्हता, ते नुसती वीज सोडायचं आणि पावसाळी वास मारायचं. दम्याच्या माणसाच्या छातीला असला वास सोसत नाही, ते बाजूला केलं. एक होतं ते छोट्या खोलीपुरतं. बाईंची खोली दहा बाय बाराची. मी तिच्या दीडपट खोलीला पुरेल असं घेतलं, कारण छोटं मशीन जोरात चालवावं लागतं, जोरात चाललं की आवाज होतो, आणि आवाज झाला की माणूस बंद करतो. मोठं हळू चालवावं, दिवसभर. मग विचारलं, फिल्टर कुठं मिळणार? विक्रेता म्हणाला, ऑनलाइन.

"बाईंला ऑनलाइन येत न्हाई."

"मला येतं," बाई म्हणाल्या. "तुम्हांला येत नाही."

घरी खोकं उघडलं. यंत्र निघालं की सोबतची माहितीपुस्तिका मी आधी टोपलीत टाकतो. चाळीस वर्षांची सवय. यंत्र उघडलं की ते आपलं आपण सांगतं, कागद कशाला, असं मी कुणालाही ऐकवायचो. त्या दिवशीही टाकली. बाई बघत होत्या.

बाईंना सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची सवय, वर्गात वाचल्यासारखं. त्यांच्या घरावरून मी दुकानात जातो, त्यामुळं मला रोज ऐकू यायचं. आधी एका वाक्यात दोनदा थांबायच्या. मशीन लागल्यावर वाक्य पुरं व्हायला लागलं, मग दोन, मग अख्खी बातमी. मी मुद्दाम चाल हळू करायचो. आपण निवडलेलं मशीन आहे, ही ऐट होतीच.

आठ-नऊ महिन्यांनी मशीनवर लाल दिवा लागला. फिल्टर बदला, असा त्याचा अर्थ. बाई नवा मागवायला निघाल्या. मी थांबवलं. म्हणालो, चांगली वस्तू फेकायची कशाला, हा आपला धंदाच न्हाई. फिल्टर काढून दुकानात आणला, साबणाच्या पाण्यात खळबळला, उन्हात वाळवला, शेजारच्या टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं घडी न् घडी झाडली. पांढरा शुभ्र. बटण दाबून धरलं तसा दिवा हिरवा झाला. बाई खूश. मी तर त्याहून. पाटीवर लिहिलंय ते खरं करून दाखवलं होतं. त्या महिन्यात आणखी सहाजणांचे फिल्टर मी असेच धुऊन दिले, आणि त्यांच्यापुढं कंपन्या कशा लुबाडतात यावर भाषणही दिलं.

थंडी आली. बाईंचं वाचन पुन्हा तुटायला लागलं. बातमीवरून वाक्यावर, वाक्यावरून दोन शब्दांवर. मी एकदा आत डोकावून बघितलं, दिवा हिरवा. म्हटलं, थंडीचं असेल. कानानं ऐकलं ते सोडलं आणि डोळ्यानं दिवा बघितला. त्याची टोचणी आजही आहे.

मग एका दुपारी सुजाताचा फोन आला. बाईंना श्वास घेता येईना, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावलाय. ती नाशिकहून निघून आली होती. मी गेलो तर म्हणाली, काका, आईचा चष्मा घरी राहिलाय, तेवढा आणता का. पुढं हळूच म्हणाली, मी उद्या तिची बॅग भरते.

किल्ली घेऊन गेलो. मशीन चालू, दिवा हिरवा, आणि खोलीत तळणीच्या करपट तेलाचा वास. ते जुळेना. तसबिरीपुढचा उदबत्तीचा पुडा घेतला. खिडकीचे पडदे ओढले, दार लावलं, मशीनच्या तोंडाशी उदबत्ती धरली आणि वरच्या जाळीवर विजेरीचा झोत टाकला. ही माझी जुनी पद्धत. अंधारात झोत टाकला की धुराचा कण न् कण दिसतो. धूर खालून आत गेला आणि वरून जसाच्या तसा बाहेर आला. पाच मिनिटं बघितलं. दहा मिनिटं बघितलं. मशीनचा पंखा झाला होता. आणि तो दिवा हवा बघतच नव्हता. नुसते तास मोजत होता, ते मीच पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले होते.

चष्मा फळीवर होता. त्याच्याखाली ती माहितीपुस्तिका. मी टोपलीत टाकलेली. बाईंनी उचलून, सुरकुत्या हातानं सारख्या करून, पुस्तकांत ठेवलेली. इंग्रजी मला येत नाही. हिंदी अडखळत वाचतो. पण तिथं वाचायचं काही नव्हतंच. फिल्टरचं चित्र होतं, त्यावर नळ, नळातून पाणी, आणि सगळ्यावर मोठी फुली. न शिकलेल्या माणसासाठीच काढलेलं. चौथी नापासालाही कळावं. आता मला शिकलो नाही असंही म्हणता येईना.

नंतर नगरच्या एका जाणकारानं समजावलं. तो कागद चाळणीसारखा नसतो. त्यात डोळ्याला न दिसणारे तंतू पिंजलेले असतात, बारीक कण त्यांना चिकटतात. पाणी लागलं, वरून कॉम्प्रेसरचा मारा बसला, की तंतू फाटतात, वाटा पडतात. दिसायला पांढरा, आतून मेलेला.

दवाखान्यात गेलो. सुजाता बाहेरच्या बाकावर होती. बाई आत, तोंडाला मास्क, पण दार उघडं. मी उभ्यानंच सांगितलं. धुतलं कोणी, कसं, केव्हा, सगळं.

सुजाता म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आई नुसत्या पंख्यापुढं बसली होती?"

"व्हय."

"काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवून निवांत होते."

मी म्हणालो, "बाईंला न्यायचं तर न्या. पन घरानं आजारी पाडलं म्हनून नेऊ नका. चूक माझी हाय, घराची न्हाई. मला आठ दिवस द्या."

आतून मास्क सरकवल्याचा आवाज झाला. बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आठ नको. पाच. त्याच्यापुढं... मला इथं... करमणार नाही."

डॉक्टर पाच दिवस ठेवून घेणारच होते. सुजाता म्हणाली, पाच दिवसांनी मी स्वतः बघेन, मग ठरवीन. बॅग तिनं भरलीच.

पहिल्या दिवशी नवा फिल्टर मागवला. ओळखीच्या माणसानं पुण्याहून एसटीच्या पार्सलनं पाठवला. दुसऱ्या दिवशी मागच्या खिडकीला काच बसवली, फटीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रश. तिसऱ्या दिवशी पोपटशेठकडं गेलो. धुराडं दोन पाईप वर न्या म्हटलं. ते झारा हलवत हसले.

"नाना, भट्टी माझ्या बापाची. बाई मागनं राह्याला आल्या. धूर काय त्यांचा पत्ता इचारून जातो का?"

"जातो. या, दाखिवतो."

आले, चार शिव्या घालत का होईना. बाईंच्या स्वयंपाकखोलीत बसवलं, बंदोबस्त केलेली खिडकी मुद्दाम उघडली, आणि चहा टाकला. भट्टीला नुकता भुसा घातलेला. चहा उकळेपर्यंत पोपटशेठचे डोळे गळायला लागले. अर्धा कप पिऊन खाली ठेवला. फळीवरच्या स्टीलच्या डब्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि निघून गेले. मला वाटलं, गेलं काम. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या भिंतीला शिडी लावलेली होती. शिडीखाली उभे राहून म्हणाले, "पत्रा तुझा, मजुरी तुझी. शिडी माझी. पडलास तर मला सांगायचं न्हाई." जुन्या कूलरचा पत्रा कापून मी दोन पाईप वळले आणि सत्तरीच्या वयात वर चढून बसवले. धूर दोन्ही घरांच्या वरून निघून गेला.

एक गोष्ट उरली, उदबत्ती. बाई सकाळ-संध्याकाळ वंदनेला लावायच्या, बंद खोलीत. दवाखान्यात जाऊन म्हणालो, बाई, तेवढी बंद करा. त्यांनी मास्क काढला. "मिस्त्री, मशीन तुमचं. वंदना माझी." मी घरी आलो.

पाचव्या दिवशी बाई घरी आल्या. बॅग सुजाताच्या हातात. मी पडदे ओढले, नवा फिल्टर बसवलेलं मशीन चालू केलं, बाईंना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सुजाताला आत उभं केलं. उदबत्ती पेटवून मशीनच्या तोंडाशी धरली, झोत तिच्याच हातात दिला. धूर आत गेला. वरच्या जाळीवर झोत मोकळा. तिनं विजेरी जवळ नेली, तिरकी धरली, पुन्हा सरळ धरली. काही नाही.

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं.

"फिल्टर भरंपर्यंत. मग नवा. धुनार न्हाई."

ती म्हणाली, "बॅग मी इथंच कपाटावर ठेवते, भरलेली. होळीपर्यंत बघू. मध्ये एकदा जरी दवाखाना झाला, तर मी विचारणार नाही, घेऊन जाईन." बाईंनी मान हलवली. पुन्हा शब्द दिला.

सुजाता गेल्यावर मी त्या सहा घरांकडं निघालो. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: मी तुमचा फिल्टर धुऊन बिघडवला, हा नवा घ्या. एकजण म्हणाला, चालतंय की नाना, दिवा तर हिरवा हाय. त्याच्याशी अर्धा तास भांडून बदलला. एका म्हातारबांनी पाणी विचारलं नाही. तेही बरोबरच होतं.

पाटी उतरवली नाही. खाली एक ओळ वाढवली, 'फिल्टर धुऊन मिळणार नाही.' येणारा-जाणारा हसतो. टायरवाला तर मोठ्यानं वाचून दाखवतो.

बाईंची उदबत्ती आपोआप अंगणात गेली. मी पुन्हा विषय काढला नव्हता. त्याच म्हणाल्या, "फूल पुरतं. धूर हवाच असं काही नाही." फिल्टरच्या कडेवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात बसवल्याची तारीख घातलीय, मला चुकवता येऊ नये म्हणून.

हिवाळा गेला. पाचटाचा धूर आला आणि गेला. मी रोज सकाळी त्या घरापाशी चाल हळू करत होतो आणि या वेळी दिव्याकडं बघत नव्हतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी हाक आली. आत गेलो तर कपाटावरची बॅग खाली, साड्या पुन्हा कपाटात. बाईंच्या हातात ती माहितीपुस्तिका.

"बसा मिस्त्री. आज ही तुम्हांला पूर्ण ऐकावी लागेल."

चाळीस वर्षांत कुणाला मी असला कागद माझ्यापुढं वाचू दिला नव्हता. बसलो. बाई इंग्रजीवरून मराठीत करून मोठ्यानं वाचायला लागल्या. यंत्र कुठं ठेवावं, भिंतीपासून किती लांब, पहिली जाळी कशी झाडावी. वाक्यामागून वाक्य. मी ऐकत नव्हतो, मोजत होतो. पहिलं पान संपलं, कुठं अडल्या नाहीत. दुसरं पान उलटलं. मधल्या परिच्छेदापर्यंत एका दमात आल्या.

मग नळाच्या चित्रापाशी थांबल्या. पण श्वास लागला नव्हता. चष्म्यावरून माझ्याकडं बघत होत्या, वर्गात बघावं तसं.

मी मान खाली घातली नाही.

"वाचा पुढं," म्हटलं.